गुलाम महाराजांची दारूबंदी हे राजकारणच होते

9 सप्टेंबर 1942 रोजी नंदुरबार शहरात तिरंगा घेऊन निघालेला शिरीषकुमार मेहता आणि त्याच्यासोबत गोळीला बळी पडलेले लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा हे स्वातंत्र्याचे हुतात्मे आहेत. यावर दुमत नाही आणि नसावे. पण त्याच जिल्ह्यातल्या, तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांचे नाव निघाले की लिहिणाऱ्यांची भाषा बदलते. त्यांना संत म्हणतात, समाजसुधारक म्हणतात, व्यसनमुक्तीचे कार्यकर्ते म्हणतात, आणि स्वातंत्र्यलढ्याच्या प्रकरणातून अलगद बाजूला ठेवतात. ही वर्गवारी चुकीची आहे. 1930 च्या दशकात त्यांनी भिल्ल समाजात उभी केलेली आप धर्माची चळवळ ही राजकीय चळवळच होती, असे माझे ठाम मत आहे.

दारू सोडा, देहाने-मनाने स्वच्छ राहा, एकमेकांना 'आप' म्हणून मान द्या, सोमवारी आरतीला जमा, एवढाच तर उपदेश. यात राजकारण कुठे आले, असे विचारले जाते. हाच प्रश्न पुण्याला कोणी विचारत नाही. टिळकांनी 1893 च्या सुमारास गणपती चौकात आणला, 1908 मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले, 1930 मध्ये गांधींच्या हाकेवर स्त्रिया ताडीच्या गुत्त्यांसमोर उभ्या राहिल्या. हे सारे आपण राष्ट्रीय आंदोलन म्हणून शिकवतो. सुशिक्षितांनी दारूच्या दुकानाकडे जाणाऱ्याला अडवले तर तो सत्याग्रह आणि भिल्लाने स्वतःच दुकानाकडे पाठ फिरवली तर ती केवळ सुधारणा, हा भेद कोणत्या तत्त्वावर टिकतो? आरतीला हजारोंनी जमणे जर पुण्यात जनजागरण ठरते, तर मोरवडलाही ते तेच ठरले पाहिजे.

दारूचा मुद्दा नीट पाहिला पाहिजे, कारण सगळे त्यावर अवलंबून आहे. सातपुड्यात मोहाची दारू पूर्वी घरोघर गाळली जाई. सण, लग्न, देवाचा नैवेद्य यांत तिला जागा होती. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने घरची भट्टी हा गुन्हा झाला आणि दारू परवान्याच्या दुकानातून विकत घ्यावी लागू लागली. अबकारी हे मुंबई सरकारच्या उत्पन्नाचे एक मोठे साधन होते. दुकानातली उधारी, उधारीतून सावकार, सावकारातून गहाण जमीन आणि अखेर आपल्याच शेतावर सालदारी, ही उतरंड शहादा-तळोद्याच्या सपाटीवर पिढ्यान्‌पिढ्या चालली. अशा ठिकाणी एका समाजाने मिळून प्यायचे थांबवणे म्हणजे सरकारी तिजोरी आणि सावकाराची वही या दोन्हींना एकदम नकार देणे होते. लगतच्या दक्षिण गुजरातमध्ये 1922 च्या देवी चळवळीत हेच घडले होते: देवीच्या आज्ञेने दारू सुटली आणि पारशी दारूवाल्यांवर बहिष्कार पडला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दारू सोडणे, आंघोळ, आरती हे वरच्या जातींचे अनुकरण आहे, समाजशास्त्राच्या भाषेत संस्कृतीकरण आहे, असे काही अभ्यासक म्हणतील. त्यात तथ्याचा अंश आहे. नैवेद्याची धार गेली तेव्हा जुन्या देवाचारातले काहीतरी हरवले, हे नाकारता येणार नाही. पण अनुकरण करणारा वरच्याचा मोठेपणा मान्य करतो. ज्याला बाजारात, कचेरीत, शेताच्या बांधावर सर्रास अरे-तुरे केले जाई, त्याने आपल्या माणसाला 'आप' म्हणायला सुरुवात केली, तेव्हा तो कोणाचा मोठेपणा मान्य करत नव्हता. तो स्वतःचा मान स्वतः ठरवत होता.

त्यांनी स्वराज्याची घोषणा दिली नाही, ही तिसरी हरकत. तिचे उत्तर इंग्रज सरकारने स्वतःच देऊन ठेवले आहे. 1938 मध्ये गुलाम महाराज वारले आणि त्यांचे बंधू रामदास महाराज पुढे आले. नुसत्या भजनी मंडळाला कोणी हद्दपार करत नाही. रामदास महाराजांना सरकारने हद्दपार केले. 2 मार्च 1943 रोजी तळोदा तालुक्यातल्या रावलापाणी येथे त्यांच्या अनुयायांवर लष्कराने गोळीबार केला आणि माणसे मारली. तिथल्या खडकांवर गोळ्यांच्या खुणा आजही दाखवतात. राजवटीला जे राजकारण म्हणून कळले, ते आपल्या इतिहासकारांना धर्मकार्य वाटावे, ही खेदाची गोष्ट आहे.

या चळवळीचा धागा पुढेही तुटला नाही. 1972 मध्ये शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली, तेव्हा तिचे पुढारी अंबरसिंग सुरतवंती यांनाही लोक महाराज म्हणत. बळकावलेल्या जमिनी आणि सालदारांची मजुरी हे तिचे प्रश्न होते, आणि त्याच लढ्यात आदिवासी बायांनी गावोगाव दारूची मडकी फोडली. या बायांना राजकीय कार्यकर्त्या म्हणायला आज कोणी कचरत नाही. मग त्यांच्या आधी तीन-चार दशके तोच घाव घालणाऱ्याला वेगळा न्याय का?

शिरीषकुमारचे स्थान यामुळे तसूभरही कमी होत नाही. नंदुरबारचा झेंडा आणि रावलापाणीचा गोळीबार यांत सहा महिन्यांचेही अंतर नाही. दोन्हीकडे मारणारी सत्ता एकच होती. जिल्ह्यातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे की 9 सप्टेंबरला मुलांना माणिक चौकात नेता, तसे 2 मार्चला रावलापाणीला न्या, आणि गुलाम महाराजांचा धडा संतांच्या पानावर नव्हे, स्वातंत्र्यलढ्याच्या पानावर शिकवा.