जन्माची हजेरी



रात्री कोणाची विहिरीतली मोटार चोरीस गेली, की सकाळी पारावर पहिला शब्द कोणता निघतो? चोर कोणी पाहिलेला नसतो. मोटार कोणत्या वाटेने गेली, कोणाच्या वाहनातून गेली, भंगारवाल्याकडे चौकशी झाली की नाही, ह्याचा कोणास पत्ता नसतो. तरीही एकजण बोलून जातो, "पालावर बघा." मग जीप पालावर जाते. बाया आरडतात, पोरे रानात पळतात, आणि हाती लागेल तो पुरुष गाडीत बसविला जातो. आपण पारावर तंबाखू मळीत म्हणतो, "बरे झाले." ह्या "बरे झाले" विषयीच आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. ते गोड लागणार नाहीत. औषध गोड कधी होते?

प्रथम आम्ही आमच्याच पदरातला गुन्हा कबूल करतो, म्हणजे दुसऱ्यास शहाणपण सांगितल्याचा ठपका येणार नाही. आम्ही केज तालुक्यातील एका खेड्यात मास्तरकी करतो. काही वर्षांमागे आमच्या वर्गात फासेपारध्याचा एक मुलगा होता. पाढे असे म्हणे की ऐकत राहावे. एके दिवशी सहलीसाठी जमविलेले पैसे सापडेनात. आम्ही कोणास काही विचारले नाही. सरळ त्या मुलाचे दप्तर सर्व वर्गासमोर जमिनीवर ओतले. त्यात दोन वह्या, एक पेन्सिल आणि भाकरीचा तुकडा निघाला. पैसे संध्याकाळी आमच्याच हजेरीपुस्तकाच्या पुठ्ठ्यात मिळाले. दुसऱ्या दिवशी आम्ही हजेरी घेतली तेव्हा त्याच्या नावापुढे "हजर" असा आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्याचे नाव आम्ही पुढे कित्येक महिने पुकारीत होतो.

आम्ही काही दुष्ट मनुष्य नव्हे, आणि तुम्हीही नव्हे. मग आमचा हात त्याच दप्तराकडे का गेला? कारण कोणी तरी फार पूर्वी आमच्या डोक्यात एक हजेरीपुस्तक ठेवून दिले आहे. त्यात मनुष्याने काय केले हे लिहिलेले नाही. तो कोणाच्या पोटी जन्मला एवढेच लिहिलेले आहे.

हे पुस्तक कोणी लिहिले ते ऐका. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. कायदा करणाऱ्यांचा युक्तिवाद असा होता, की ह्या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकऱ्याचा मुलगा विणकर होतो, तसे चोराचे मूलही चोरच होणार. हा शोध साहेबाने विलायतेतून आणिला नव्हता. जन्मावरून धंदा ठरविण्याची आमची जुनी वही त्याने उघडली आणि तिच्यात एक पान वाढविले. सरकारने एकदा एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली, की त्याविरुद्ध कोर्टात दाद नव्हती. नावे नोंदवावयाची, ठरल्या वेळी हजेरी द्यावयाची, परवान्यावाचून गाव सोडावयाचे नाही. पुढे १९११ व १९२४ साली तोच कायदा सुधारून अधिक कडक केला. सोलापुरात ह्या लोकांस तारेच्या कुंपणात ठेविले. त्या जागेस लोक अजूनही सेटलमेंट म्हणतात.

त्या काळातही अशा हजेरीस "नाही" म्हणणारा एक राजा ह्याच महाराष्ट्रात होता. करवीरच्या शाहू छत्रपतींनी १९१८ साली आपल्या संस्थानातील महार, मांग, रामोशी, बेरड ह्यांची हजेरी बंद केली. फासेपारध्यांस त्यांनी राखणीच्या कामावर घेतले. ज्याला जग चोर म्हणते त्याच्याच हाती किल्ल्या दिल्या. असे करावयास छाती लागते.

आमचा बीड जिल्हा निजामाच्या अमलातून १७ सप्टेंबर १९४८ रोजी सुटला. देश तर त्यापूर्वीच स्वतंत्र झाला होता. परंतु गुन्हेगार म्हणून जाहीर झालेल्या जमातींचा शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ रोजी उठला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षे सोळा दिवसांनी. म्हणून ते लोक आपणांस विमुक्त म्हणवितात. परंतु एका दाराने कायदा गेला आणि दुसऱ्या दाराने "सराईत गुन्हेगार" ह्या नावाचे राज्याराज्यांचे कायदे आत आले. मुंबई राज्याने असा कायदा १९५९ साली केला. कागदावर ते सर्वांस सारखे. ठाण्यातल्या सवयीत मात्र जुनेच पान उघडे राहिले. हे कायदे करणारी सरकारे काँग्रेसची होती, हेही आम्ही लपवीत नाही. पळसाला पाने तीनच.

आता आजच्या राज्यकर्त्यांकडे वळू. केंद्रात २०१४ पासून आणि आज आपल्या राज्यातही परंपरेचा अभिमान सांगणारा पक्ष सत्तेवर आहे. परंपरेचा अभिमान धरणे हा अपराध नव्हे. आमची प्रत्येक आजी परंपरावादीच होती. प्रश्न एवढाच, की कोणती परंपरा राखावयाची? ह्याच पक्षाच्या नेतृत्वाखालील वाजपेयी सरकार असताना, २००१ साली दक्षिण आफ्रिकेतील डरबान शहरी वंशभेदाविरुद्ध जागतिक परिषद भरली. दलित कार्यकर्ते तेथे आपले गाऱ्हाणे घेऊन गेले. सरकारने उत्तर दिले, की जात म्हणजे वंश नव्हे, हा आमच्या घरातला प्रश्न आहे. वंशभेद नष्ट करण्याच्या ज्या आंतरराष्ट्रीय करारास भारताने १९६८ साली मान्यता दिली, त्याच्या पहिल्याच कलमात रंग व वंश ह्यांच्या जोडीस जन्मकूळ हाही शब्द आहे. कातडीचा रंग पाहून एखाद्यास चोर ठरविले तर तो अन्याय, आणि आईबापाची जमात पाहून ठरविले तर घरगुती बाब! हा न्याय आमच्या शाळेतल्या चौथीच्या मुलासही पटणार नाही. त्याच कराराच्या समितीने २००७ साली भारतास सांगितले, की सराईत गुन्हेगारांचे हे कायदे रद्द करा. आपल्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तर तेच २००० साली सांगितले होते.

सरकारने काहीच केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. दादा इदाते ह्यांचा आयोग ह्याच सरकारने नेमला. २०१९ साली ह्या जमातींसाठी मंडळ स्थापिले. २०२२ साली शिक्षण, घर, आरोग्य ह्यांसाठी पाच वर्षांत दोनशे कोटींची योजना काढली. चांगले झाले. परंतु शिष्यवृत्ती देणारा हात आणि बखोट धरणारा हात एकाच सरकारचे असतील, तर मुलगा शाळेत येणार कसा? बापास सोडवून आणण्यातच त्याचे वर्ष जाते.

१ जुलै २०२४ रोजी नव्या फौजदारी संहिता लागू झाल्या. इंग्रजी गुलामीची खूण पुसली, असा त्या वेळी गजर झाला. आम्ही म्हणतो, अवश्य पुसा! पण मग १८७१ ची खूण आधी पुसा. ती सर्वांत खोल आहे. ते काम सरकारच्या आधी सर्वोच्च न्यायालयास करावे लागले. ७ मे २०२४ च्या निकालात न्यायालयाने राज्यांस बजावले, की मागास जातीजमातींत जन्मले एवढ्याच कारणाने निरपराध माणसांची नावे पोलिसांच्या गुन्हेनोंदीत यांत्रिकपणे चढता कामा नयेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी पत्रकार सुकन्या शांता ह्यांच्या अर्जावर दुसरा निकाल आला. तुरुंगातही झाडलोट खालच्या जातीच्या कैद्याने करावी आणि स्वयंपाक वरच्या जातीच्या कैद्याने, असे नियम स्वतंत्र भारतातल्या कारागृहांच्या पुस्तकांत छापलेले होते! ते घटनाबाह्य ठरले. तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढावयास न्यायालयाने सांगितले. विमुक्त जमातींच्या माणसांस मनमानीने अटक करू नका, असेही पोलिसांस बजावले. त्या वर्षाच्या अखेरीस केंद्राच्या गृहखात्याने आदर्श कारागृह नियमावलीत दुरुस्ती केली, हे नमूद करणे योग्य होय. पण दिल्लीचा कागद पालापर्यंत पोहोचावयास किती वर्षे लागतील? आणि तो पोहोचविणार कोण?

कोणी म्हणेल, "मास्तर, पारध्यांचे गाऱ्हाणे पारध्यांनी पाहावे, आम्हां कुणब्या-माळ्यांस, सुतार-लोहारांस त्याचे काय?" बाबांनो, सुरी धार लावताना कोणाची मान पाहत नसते. २०२२ साली केंद्राने ओळखीच्या मापांचा नवा कायदा केला. बोटांचे ठसे, डोळ्यांच्या बुबुळांची चित्रे इत्यादी मापे अटक झालेल्या माणसाची घेता येतात, आणि तो दप्तरात पंच्याहत्तर वर्षे राहू शकतो. उसाच्या भावासाठी रस्ता अडविणारा शेतकरीही उद्या ह्यात बसू शकेल. १९०६ साली ट्रान्सवालच्या गोऱ्या सरकारने हिंदी माणसांच्या बोटांचे ठसे सक्तीने घेण्याचे ठरविले, तेव्हा हा गुन्हेगारासारखा अपमान आहे म्हणून गांधीजींनी सत्याग्रह उभारला होता. आणि जुलै २०२५ मध्ये आपल्या विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. त्यात सरकार एखादी संघटना बेकायदा ठरवू शकते, आणि तिचे सभासद असणे हाच गुन्हा होतो. माणसाने काय केले ह्यापेक्षा तो कोणात मोडतो हे पाहण्याची खोड पालापासून लागते, आणि मग ती सभेपर्यंत, मोर्चापर्यंत येते.

ह्या खोडीची चव आपल्या तालुक्याने नुकतीच घेतली आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगच्या सरपंचांचा निर्घृण खून झाला. तो करणाऱ्या प्रत्येकास कडक शासन व्हावे, ह्यात दोन मते नाहीत. पण त्यानंतर गुन्हा काही माणसांचा आणि बोट अख्ख्या जातीकडे, अशी भाषा ह्या जिल्ह्यात सुरू झाली. त्या वेळी कित्येकांनी आम्हांस कळवळून विचारले, "मास्तर, एकाच्या पापाचे माप साऱ्या जातीच्या पदरात का घालता?" प्रश्न अगदी रास्त होता. आम्ही एवढेच म्हणतो, की हाच प्रश्न पारधी दीडशे वर्षे विचारीत आहे, आणि त्यास पारावरून अद्याप कोणी उत्तर दिलेले नाही.

आणखी एक गोष्ट. दसरा-दिवाळी झाली, की आपल्याच तालुक्यातील घरे कुलपे लावून ऊसतोडीस निघतात. सांगली, कोल्हापूर, पलीकडे कर्नाटकापर्यंत जातात. तेथे आपल्या माणसांस काय म्हणतात? टोळी! कोपीजवळच्या मळ्यातून काही नाहीसे झाले, की तेथला मळेवाला प्रथम कोणाकडे पाहतो? ज्या नजरेची चव आपण परमुलखात सहा महिने चाखतो, तीच नजर घरी परतल्यावर दुसऱ्यावर लावितो, ही शरमेची गोष्ट नव्हे काय?

आमच्या मुलांनी वडिलांचा धंदाच करावा असे जन्माने ठरत नाही, हे आपण मोठ्या कष्टाने सिद्ध केले. लोहाराची मुलगी डॉक्टर होते, कुणब्याचा मुलगा तहसीलदार होतो, तेव्हा आपण पेढे वाटतो. मग जन्माने धंदा चिकटत नसेल, तर जन्माने चोरी कशी चिकटेल? ही दोन्ही पाने एकाच वहीतली आहेत. आपल्या नावाचे तेवढे फाडावयाचे आणि शेजाऱ्याचे जपून ठेवावयाचे, ह्यास सुधारणा म्हणत नाहीत.

काही पारधी चोरी करतात, हे आम्ही नाकारीत नाही. प्रत्येक जातीतले काही करतात, आणि मोठ्या चोऱ्या तर पांढऱ्या कपड्यात होतात. चोरी करील त्याला शोधा, पुरावा आणा, कोर्टात उभा करा. शोध लागलाच पाहिजे, कारण मोटार गेली म्हणजे शेतकऱ्याचा हंगाम गेला. पण "पालावर बघा" म्हटल्याने खरा चोर सुखाने झोपतो आणि मोटार काही परत येत नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी, हीच आमची तपासाची रीत झाली आहे.

तेव्हा दिल्ली-मुंबईची वाट न पाहता आपल्या हाती आहे तेवढे करावे. पंच म्हणून बोलावले, तर डोळ्यांनी पाहिल्याखेरीज पंचनाम्यावर सही करू नये. कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही. त्या एका सहीने एखाद्याची वर्षे तुरुंगात जातात. पालावरून कोणास नेले, तर गावातील दोन जाणत्यांनी ठाण्यात जाऊन विचारावे: अटकेची नोंद झाली काय, घरच्यांस कळविले काय, चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करणार काय? चोवीस तासांचा हा हक्क घटनेच्या २२ व्या कलमाने दिलेला आहे, कोणा साहेबाची मेहेरबानी नव्हे. मते मागावयास येणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या उमेदवारास विचारावे, की सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांविषयी तुमचे म्हणणे काय? उत्तर देताना त्याची जीभ अडखळली, तर ओळखून घ्यावे.

आम्ही मास्तरांनीही आपले करावे. आम्ही रोज हजेरी घेतो. ती मूल आले की नाही एवढेच पाहण्यासाठी आहे, त्याचे कूळ तपासण्यासाठी नव्हे. त्या मुलाच्या पालावर आम्ही पुढे दोनदा गेलो. पहिल्या खेपेस पाल उठलेले होते. दुसऱ्या खेपेस त्याची आई भेटली. "पोरगं आता मोठं झालं, मास्तर," एवढेच ती म्हणाली, आणि चुलीकडे वळली. क्षमा मागावयाचे आमच्या मनात होते. ती माणसे तेथे पुढे राहिली नाहीत. म्हणून ती क्षमा आज येथे, तुम्हां सर्वांसमक्ष मागतो. दप्तर सर्वांसमक्ष ओतले होते, तेव्हा क्षमाही सर्वांसमक्षच मागितली पाहिजे.

केज तालुक्यातील एक शिक्षक