सदुसष्टाव्या वर्षीची पायपीट

अमेरिकेच्या पूर्वेकडील अपलाचियन डोंगररांगेतून एक पायवाट जाते. दक्षिणेला जॉर्जिया राज्यात सुरू होते आणि उत्तरेला मेन राज्यातील कताडिन डोंगरावर संपते. लांबी सुमारे ३५०० किलोमीटर, वाटेत १४ राज्ये. १९२१ साली बेंटन मॅके यांनी ती सुचविली, १९३७ साली ती पुरी झाली. सलग चालायची तर पाच-सहा महिने सहज लागतात. आमच्यासारख्या कारकुनाला एवढी रजा कोण देणार!

ही वाट एकटीने, एकाच हंगामात चालून जाणारी पहिली स्त्री कोण, हे आमच्या भगिनींनी जरूर वाचावे. एमा गेटवूड. ओहायोतील शेतकरी कुटुंबातली, ११ मुलांची आई. नवरा इतका मारी की दात तुटले, बरगडी मोडली. पन्नाशी उलटल्यावर तिने काडीमोड घेतला. पुढे एका मासिकात या वाटेविषयी वाचले आणि मनाने घेतले. १९५४ चा पहिला प्रयत्न फसला. रस्ता चुकला, चष्मा फुटला. १९५५ च्या मे महिन्यात, वयाच्या ६७ व्या वर्षी, ती पुन्हा निघाली. मुलांना म्हणाली, जरा फिरून येते.

सामान काय? स्वतः शिवलेली एक पिशवी, एक घोंगडी, पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा आणि पायात साधे कापडी बूट. तंबू नाही. पाचोळ्याच्या ढिगावर निजायचे. कुणी जेवू घातले, कुणी दारातून परत लावले. सप्टेंबरमध्ये ती कताडिनवर पोहोचली. मासिकाने वाट सोपी म्हणून रंगविली होती, प्रत्यक्षात भलतीच खडतर निघाली, हे सांगायला ती कचरली नाही. अशी स्पष्टोक्ती आम्हाला आवडते.

या वाटेवर झाडाझाडांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा आहेत. स्वयंसेवक झुडपे तोडून ती मोकळी ठेवतात. मुक्कामाच्या पडव्यांत वही ठेवलेली असते. पुढे गेलेला लिहून ठेवतो : अमुक झरा आटला, अस्वल दिसले, जपून जा. मागून येणारा अनोळखी माणूस त्यावर विसंबून पाणी भरून घेतो.

पण ही माणुसकी सर्वांना सारखी मिळाली असे समजू नका. व्हर्जिनियातील शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानातून ही वाट जाते. तिथे १९३९ साली काळ्या लोकांसाठी लुईस माउंटन ही वेगळी छावणी उघडली. तीच हवा, तीच झाडे, पण मुक्काम निराळा! हा भेद १९५० साली पूर्णपणे उठला. वेगळा पाणवठा म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

गेटवूडबाई १९५७ साली तीच वाट पुन्हा चालल्या. तिसऱ्यांदा त्यांनी ती तुकड्या-तुकड्यांनी पुरी केली १९६४ साली, तेव्हा वयाची पंचाहत्तरी उलटून गेली होती. १९७३ साली त्या वारल्या. नातवंडे-पतवंडे पुष्कळ होती.