ठशाचीही कसोटी हवी

हातच्या कांकणाला आरसा कशाला, अशी आपल्याकडे म्हण आहे. बोटांच्या ठशांविषयी पोलिसांची व न्यायालयांची वृत्ती बव्हंशी अशीच राहिली आहे. ही विद्या वाढली आपल्याच भूमीत. १८९७ साली कलकत्त्यास अंगुलिमुद्रा कार्यालय स्थापन झाले. ठशांचे वर्गीकरण बसविण्यात अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता. परंतु दोन बोटे सारखी नसतात हे मान्य केले, तरी गुन्ह्याच्या जागचा पुसट, अर्धवट ठसा ओळखणारा कधी चुकत नाही, असे त्यातून सिद्ध होत नाही.

२००४ सालच्या माद्रिद रेल्वे स्फोटांनंतर अमेरिकेच्या एफबीआयने एका पिशवीवरील ठशावरून ओरेगॉनमधील एका वकिलास अटक केली. यंत्राने सुचविलेल्या नावास तज्ज्ञांनी एकामागून एक दुजोरा दिला. ठसा निघाला एका अल्जीरियन इसमाचा!

आपल्याकडे २०२२ साली ‘नॅफिस’ हा राष्ट्रीय ठसेसंग्रह सुरू झाला. त्याच्या साहाय्याने मृताची ओळख पटविणारे पहिले राज्य मध्य प्रदेश. त्या राज्यातील बालाघाट जिल्ह्यात, गोंदियाच्या शेजारी असलेल्या हट्टा येथे सापडलेला ठसा आता पणजी-रत्नागिरीच्या नोंदींशीही ताडता येतो. सोय मोठी, तसा धोकाही. दर लाख परक्या ठशांमागे एकदा फसणारी पद्धत कोटी ठशांच्या साठ्याला लावली, तर शंभर परके ठसे ‘जुळतील’!

हे साम्य ठसा आरोपीचा असता किती संभवते आणि परक्याचा असता किती, याचे गुणोत्तर मांडणारी संख्याशास्त्रीय पद्धत आता पुढे येत आहे. ती स्वागतार्ह आहे. पण तीही पारखून घ्यावी लागेल. ज्यांचा धनी आधीच ठाऊक आहे, असे ठसे तिच्यापुढे ठेवून ती कितीदा दिशाभूल करते, हे मोजले पाहिजे. तज्ज्ञांची अशी परीक्षा अमेरिकेत झाली आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या परीक्षेत १६९ तज्ज्ञ होते. भिन्न व्यक्तींचे ठसे एकाचेच ठरविण्याचे प्रमाण ०.१ टक्का, तर एकाच व्यक्तीचे ठसे भिन्न ठरविण्याचे ७.५ टक्के आढळले.

भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ नुसार तज्ज्ञाचे मत ग्राह्य आहे. ग्राह्य म्हणजे अचूक नव्हे. यास्तव चुकीचे प्रमाण प्रत्येक साक्षीबरोबर न्यायालयापुढे यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. हट्ट्याच्या मजुरास नामांकित वकील परवडणार नाही. त्याच्या वतीने न्यायाधीशांनीच विचारावे : ही पद्धत कोणी तपासली, आणि ती कितीदा चुकली?