शब्दबोध : ‘डिप्रेस्ड’



डिसेंबरातील वंदनेनंतर भोजनास बसलो असता विद्यापीठात शिकणारा आपल्यातलाच एक तरुण हळूच म्हणाला, “काका, मी फार डिप्रेस्ड आहे.” आम्ही सहज बोलून गेलो, “अरे, डिप्रेस्ड क्लासेस तर आपले आजे-पणजे होते. तुला काय कमी आहे?” मंडळी हसली, तो हसला नाही. घरी परतताना आम्हास उमगले की, एका शब्दाच्या जुन्या अर्थाने आम्ही त्याच्या नव्या अर्थाचे तोंड बंद केले होते. म्हणून या वेळी हाच शब्द विचारासाठी घेत आहोत.

‘डिप्रेस’ हे क्रियापद लॅटिनमधून आले. त्याचा मूळ अर्थ ‘खाली दाबणे’. जमिनीतला खळगा, हवामानातील कमी दाबाचा पट्टा, 1929 नंतरची जागतिक मंदी आणि मनाची खिन्नता, या सर्वांना इंग्रजीत ‘डिप्रेशन’ हेच नाव आहे. त्याचे समानार्थी शब्दही खालीच नेणारे आहेत. ‘डाउनकास्ट’ म्हणजे खाली टाकलेला; ‘डिजेक्टेड’ म्हणजेही तेच. आपला ‘विषण्ण’ हा शब्द ‘सद्’ म्हणजे बसणे, खचणे या धातूपासून झाला आहे. मात्र ‘सॅड’ आणि ‘डिप्रेस्ड’ एक नव्हेत. दुःखी माणूस कारण सांगू शकतो. ज्याचे मन दीर्घकाळ दबलेले आहे, त्याला पुष्कळदा कारण सापडतही नाही.

आता या शब्दाचा आपल्या इतिहासातील प्रवास पाहू. 1906 साली महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ स्थापन केले. मराठीत त्यासाठी ‘निराश्रित’ हा शब्द योजला गेला. निराश्रित म्हणजे ज्याला आसरा नाही असा. त्या शब्दात करुणा आहे, परंतु आसरा कोणी हिरावला हे त्यात येत नाही. बाबासाहेबांनी 1924 साली सभा स्थापिली ती ‘बहिष्कृत हितकारिणी’, आणि 1927 साली पत्र काढले तेही ‘बहिष्कृत भारत’. बहिष्कृत म्हटले की बहिष्कार घालणाराही समोर उभा राहतो. पुढे 1931 साली, गोलमेज परिषदेच्या काळात, बाबासाहेब व रावबहादूर श्रीनिवासन यांनी पुरवणी निवेदनात ‘डिप्रेस्ड क्लासेस’ या नावासच हरकत घेतली. हे नाव मानहानिकारक आहे, ते बदलावे, असे त्यांचे म्हणणे होते. 1935 च्या कायद्यात ‘शेड्यूल्ड कास्ट्स’ ही संज्ञा आली.

येथे व्याकरणाची एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ‘दलित’ हे ‘दल्’ धातूचे भूतकालवाचक रूप, अर्थ चिरडलेला. ‘बुद्ध’ हेही तसेच ‘बुध्’ धातूचे रूप. अर्थ जागा झालेला. घडण एकच, परंतु चिरडणारा दुसरा कोणी असतो आणि जागे स्वतःलाच व्हावे लागते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात आपल्या वाडवडिलांनी स्वीकारलेल्या नावाचा हा अर्थ आहे.

मग जागा झालेल्यांच्या मुलाने खिन्न होऊ नये काय? तथागतांनी तसे म्हटलेले नाही. पाली सुत्तांत दुःखाचे विवरण करताना शरीराच्या वेदनेला ‘दुक्ख’ आणि मनाच्या वेदनेला ‘दोमनस्स’ असे वेगळे नाव दिले आहे. मनाचे दुखणे ही दुर्बलता असती, तर पहिल्या आर्यसत्यात त्याला स्थान कशाला मिळाले असते? विनिपेगमध्ये डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. पहाटे अंधारात बाहेर पडायचे, सायंकाळी अंधारातच परतायचे, आणि गावी फोनवर “सगळे ठीक आहे” असे सांगायचे. या ओझ्याखाली मन दबते, हे आपण घराघरांत पाहतो, पण बोलत नाही. पूर्वजांनी अधिक सोसले हे खरे. परंतु त्यांनी सोसले ते पुढच्या पिढीने मुकाट सोसावे म्हणून नव्हे.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या तरुणाला फोन करून क्षमा मागितली. तो पुष्कळ वेळ बोलला; आम्ही ऐकले. आता तो विद्यापीठातील समुपदेशकाकडे जातो. आपल्या घरातही कोणी हा शब्द उच्चारला, तर इतिहास नंतर सांगावा, आधी “कधीपासून?” असे विचारावे. जीव नकोसा झाल्याची भाषा ऐकू आली, तर कॅनडात कोठूनही, कोणत्याही वेळी 988 या क्रमांकावर फोन करता येतो अथवा संदेश पाठवता येतो.

नमो बुद्धाय. जय भीम.