मापातील पाप आणि गाडीचे पाटे

धान्याच्या पेढीवर आयुष्य घालविलेल्या माणसाने मोटारीच्या पाट्यांविषयी लिहावे, हे कित्येक बांधवांस विचित्र वाटेल. तथापि ज्या वाहनावर आपण आपला माल आणि आपला माणूस असे दोन्ही विश्वासाने सोपवितो, त्याचा विचार व्यापाऱ्याने करावयाचा नाही, तर कोणी करावयाचा? दरसाल खंडेनवमीला आपण गाडीस हार घालतो, नारळ वाढवितो. पण मागच्या चाकापाशी वाकून पाहणारे आपल्यात किती निघतील?

आमचाच दोष आधी सांगतो. आमच्या बेळगावच्या वखारीत एक जुनी पिकअप गाडी आहे. वर्षानुवर्षे तूर, हरभरा, ज्वारी वाहून तिचे मागचे पाटे बसले होते. रिकामी उभी असली तरी ती मागून खचलेली दिसे. “अण्णा, गाडी मागून बसते, पाटे बदलू या,” असे चालकाने आम्हांस तीन वेळा सांगितले. आम्ही खर्चाकडे पाहिले आणि नवी जोडी न घेता दोन्ही बाजूंस एकेक जादा पाटा चढविला. यू-बोल्ट मात्र जुनेच ठेवविले. गाडी वर उठली. ती उठलेली पाहून आम्ही पोत्यांची संख्याही वाढविली. पुढे गोव्याकडे माल नेताना चोर्ला घाटाच्या उतारावर ते बोल्ट सैल पडले, पाट्यांना एकत्र धरणारा मधला बोल्ट तुटला आणि मागचा आस एका बाजूने सरकला. चालकाने प्रसंगावधान राखून गाडी डोंगराच्या अंगास घेतली म्हणून निभावले. त्या रात्री त्याच्या घरच्या मंडळींसमोर उभे राहताना आमची मान वर झाली नाही.

जादा पाट्याने गाडी उंच होते, बळकट होत नाही, हे आम्हांस तेव्हा उमगले. पाटा वाढला म्हणून आस, साटा, टायर आणि ब्रेक यांची शक्ती तिळभरही वाढत नाही. उलट रिकाम्या गाडीस हादरे अधिक बसतात आणि मागचे चाक उडू लागते. शिवाय थर जाड झाल्याने जुन्या यू-बोल्टांच्या आट्यांवर नट पुरेसा बसत नाही. बसलेले पाटे ठोकून त्यांस पुन्हा कमान देण्याचीही रीत आहे; परंतु पोलादास योग्य उष्णता व पाणी दिल्यावाचून ती कमान भाराखाली फार काळ टिकत नाही.

मग योग्य काय? गाडी रिकामी करून सपाट जागी उभी करावी आणि दोन्ही बाजूंस चाकाच्या मध्यापासून वरच्या कडेपर्यंत अंतर मोजावे. त्यात तफावत असेल, कमान सपाट झाली असेल, अथवा आस वरच्या रबरी ठोकळ्यावर आपटल्याच्या खुणा असतील, तर पाटे बदलण्याची वेळ आली असे समजावे. पाटे नेहमी जोडीने बदलावेत. एकच बदलल्यास गाडी एका अंगास झुकते. त्यासोबत यू-बोल्ट, मधला बोल्ट आणि बुश नवेच घ्यावेत. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा वापरणे म्हणजे आमच्यासारखी फसगत करून घेणे. काम चालू असता साट्याखाली भक्कम घोडे हवेत. केवळ जॅकच्या भरवशावर कोणास गाडीखाली जाऊ देऊ नये. टोकांचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यानंतरच अखेरचे आवळावेत, नाहीतर बुश पिळवटून लौकर जातात. थोडा प्रवास झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा तपासावेत.

कोणी म्हणेल, डिझेलच्या या भावात खेपेस अधिक माल नेल्यावाचून परवडत नाही. आमचेही हेच म्हणणे होते. परंतु २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन जादा भारास २०,००० रुपये आणि शिवाय दर जादा टनास २,००० रुपये असा दंड लिहिला गेला आहे. अशा एकाच प्रसंगात कैक खेपांची बचत वाहून जाते. आणि दंड हा तर लहान हिशेब झाला. माणूस गेला, तर तो कोणत्या खात्यावर मांडणार?

आपण तराजू व वजने मुदतीत तपासून घेतो, त्यांवर सरकारी मुद्रा उमटवून घेतो. गिऱ्हाइकास पावशेर कमी जाऊ नये, मापात पाप होऊ नये, ही आपल्या वाडवडिलांची शिकवण. मग गाडीत जादा पोती भरणे हे माप चुकविणे नव्हे काय? नोंदणीपुस्तकातील एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करावे. बाकी १,२५० किलो आली, तर ५० किलोंची २५ पोती ही शेवटची मर्यादा. त्यातही चालक आणि हमाल यांचे वजन धरावयाचे, म्हणजे पोती २२ किंवा २३च.

आम्ही आता नवे पाटे घातले आहेत आणि पोत्यांचा आकडा वखारीच्या दारावर लिहून ठेवला आहे. तो ओलांडण्याचा अधिकार आम्हांसही नाही. गाडी भरली की नाही, हे चालकाने सांगावयाचे. सभासद बांधवांनी येत्या सुगीपूर्वी एक सकाळ आपापल्या गाडीपाशी वाकून पाहावे, एवढीच नम्र विनंती.