बोनी एम चालतं, वामनदादा का नको?

मंडळी, गेल्या स्नेहसंमेलनात जेवणानंतर 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' लागलं आणि शाळकरी मुलांपासून आजोबांपर्यंत सगळे उठून नाचले. "हे खास आपल्या जर्मनीचं गाणं!" असं कुणीतरी माइकवर सांगितलं. मीही नाचलो. नागपूरला आमच्याकडे बोनी एमची कॅसेट होती, ती इतकी वाजली की शेवटी फीतच गुंडाळली गेली. पण हे गाणं जर्मनीचं नाही, हे मला इथे एमएस करताना एका जमैकन वर्गमित्राने सुनावलं, आणि जरा रागानेच.

हे गाणं 'द मेलोडियन्स' या किंग्स्टनच्या त्रिकुटाचं. ब्रेंट डाव, टोनी ब्रेव्हेट आणि ट्रेव्हर मॅकनॉटन. तीन आवाज एकमेकांत मिसळून गाणारी ही मंडळी. 1970 साली डाव आणि मॅकनॉटन यांनी बायबलमधल्या स्तोत्रांना चाल लावली. बॅबिलॉनला बंदी म्हणून नेलेल्या ज्यूंचं दुःख त्यात आहे. रास्ताफारींसाठी मात्र बॅबिलॉन म्हणजे गुलाम करणारी, लाथाडणारी सगळी सत्ता. हेले सेलासी हा त्यांचा देव, त्याचा उल्लेखही गाण्यात होता. डाव सांगत असे की सरकारने आधी गाण्यावर बंदी घातली आणि शब्द बायबलचेच आहेत हे दाखवल्यावर उठवली.

1978 साली फ्रँक फारियान या जर्मन निर्मात्याने ते बोनी एमसाठी घेतलं. रास्ताफारी शब्द काढले, जागी साधा 'प्रभू' आला. जर्मनीत 17 आठवडे पहिला क्रमांक, एकट्या ब्रिटनमध्ये 20 लाखांवर प्रती. गीतकारांत डाव आणि मॅकनॉटनशेजारी फारियान आणि त्याच्या एका सहकाऱ्याचं नाव लागलं. (याच फारियानने रंगमंचावर नाचणाऱ्या बॉबी फॅरेलऐवजी स्टुडिओत स्वतःचा आवाज दिला होता. पुढे मिली व्हॅनिली प्रकरणही त्याचंच!) मेलोडियन्सपैकी आज कुणीही हयात नाही. त्यांची नावं आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होती?

कुणी म्हणेल, गाणं जगभर पोचलं ना? पोचलं. बोनी एम नसतं तर ते नागपूरला माझ्यापर्यंत आलंच नसतं, हे मी मान्य करतो. पण पोचलं ते दात काढून.

आता आपल्या घरात बघू. आषाढीच्या कार्यक्रमात आपण प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलगीतं लावतो, डोळे पुसतो. त्याच प्रल्हाद शिंदे यांनी त्याच खड्या आवाजात भीमगीतंही गायली. ती आपल्या कार्यक्रमात एकदाही वाजलेली मी ऐकलेली नाहीत. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक आयुष्यभर गावोगाव फिरत गाणी लिहीत आणि गात राहिले. दोघेही 2004 सालीच गेले. आपल्या कुठल्या स्मरणिकेत दोन ओळी आल्याचं मला आठवत नाही.

मी समितीत सुचवलं की एप्रिलच्या कार्यक्रमात पंधरा मिनिटं वामनदादांची गाणी ठेवू. उत्तर आलं, "राजकारण नको." चहाच्या वेळी एकाने बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तू त्यांच्यातला का?" मी तिथे उत्तर दिलं नाही, इथेही देणार नाही. पोवाडा आपल्याला चालतो, स्वातंत्र्यवीरांची गाणी चालतात, त्यांत राजकारण नाही म्हणता? जमैकन रास्ताफारींचं बंड इंग्रजीत, गाळून, ठेक्यावर आलं तर नाचायला हरकत नाही. आपल्याच भाषेत, आपल्याच ढोलकीवर आलं की मात्र ते 'त्यांचं' होतं.

असो. सूचना मी पुन्हा लेखी दिली आहे. पेटी माझी, गायला दोघे तयार आहेत. ढोलकी वाजवणारा कुणी असेल तर कळवा.