तापात शाळेस येणे हे भूषण नव्हे

अंगात ताप असताही जो मुलगा शाळा चुकवीत नाही, त्याची आपण वाहवा करितो आणि वर्षअखेर पूर्ण हजेरीचे बक्षीस त्याच्या हाती देतो. नियमितपणा हा सद्गुण खराच. परंतु इन्फ्लुएन्झाच्या दिवसांत हे कौतुक दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते, इकडे विद्यार्थ्यांचे व पालकांचे लक्ष वेधावेसे वाटते.

कित्येक मुलांची छाती जन्मतःच दुर्बळ असते. सिस्टिक फायब्रोसिस हा असाच एक आनुवंशिक रोग होय. एका विशिष्ट जनुकाची सदोष प्रत आई व वडील या दोघांकडूनही मुलाच्या वाट्यास आली, म्हणजे तो होतो; आईवडील स्वतः बहुधा निरोगीच असतात. हे जनुक १९८९ साली सापडले. त्याच्या दोषामुळे पेशींतून क्षारांची ने-आण नीट होत नाही. फुप्फुसांतील कफ घट्ट व चिकट होऊन तुंबतो आणि त्यात जंतू ठाण मांडतात. हा रोग संसर्गाने कोणास लागत नाही. त्यात लाजण्याजोगेही काही नाही. भारतात तो जवळजवळ नाहीच, हा जुना समजही आता खोटा ठरला आहे.

अशा छातीत इन्फ्लुएन्झा शिरला, म्हणजे श्वासनलिकांचे अस्तर दुखावते आणि दबा धरून बसलेल्या जंतूंस रान मोकळे मिळते. २००९ साली नव्या इन्फ्लुएन्झाची साथ जगभर पसरली. पुण्यामुंबईच्या शाळा त्या ऑगस्टमध्ये काही दिवस बंद होत्या, हे पालकांस आठवत असेल. युरोपातील अनुभव असा की, सिस्टिक फायब्रोसिसचे बहुतेक रुग्ण त्या दुखण्यातून बरे झाले; परंतु ज्यांची फुप्फुसे आधीच फार खराब झाली होती, त्यांपैकी काहींस कृत्रिम श्वासोच्छ्वास द्यावा लागला व काही दगावले.

कोणी म्हणेल, ‘दुर्बळ मुलानेच घरी बसावे, इतरांच्या अभ्यासात खंड का पडावा?’ पण तापकऱ्याचे चार-सहा दिवस बुडतील. दुर्बळ मुलाने मात्र साथ सरेपर्यंत कोंडून घ्यावयाचे काय? तो आपल्या परीने काळजी घेतोच. विषाणू रूप पालटतो म्हणून दरवर्षी लस टोचून घेतो. ताप येताच डॉक्टरांकडे जातो, कारण औषधाचा गुण पहिल्या दोन दिवसांत अधिक येतो. तथापि लसीने पूर्ण अभय मिळत नाही. उरलेला भार निरोगी मुलांनीच उचलावयास हवा. शिवाय वर्गात अशी छाती कोणाची, हे चेहऱ्यावरून कळत नाही.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, पालकांची चिठ्ठी असल्यास तापाचे दिवस शाळांनी गैरहजेरीत धरू नयेत. औषधावाचून ताप उतरून पुरा एक दिवस लोटेपर्यंत मुलास शाळेत धाडू नये. बुडालेला धडा शिक्षक पुन्हा शिकवू शकतात. गेलेला सोबती परत आणणे कोणाच्याही हाती नाही.